कादंबरीतली वऱ्हाडी ओळ

असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी जन्मभर हसत आलो. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखंच होतंय... पण झालं ते झालं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात मोडे. अमरावतीच्या कॅम्पात, म्हणजे साहेब लोकांच्या वस्तीत, एक म्हातारे आयरिश साहेब राहत. तरुणपणी कविता, मग नाटकं, आणि शेवटी एक कादंबरी – लिहिणं हेच त्यांचं आयुष्य. नजर अधू झाली होती, म्हणून ते सांगत आणि मी उतरवून घेई. मराठी त्यांना येत नसे. नोकराला हाक मारण्यापुरती मोडकी हिंदी, बस.

आमचा भाजीचा मळा पातूरला. तिकडे आई तापानं अंथरुणाला खिळली होती. लवकर ये, असं चुलतभाऊ नामदेवचं पत्र आलं. पण कादंबरीचं शेवटचं प्रकरण चाललं होतं. साहेब म्हणाले, दोन दिवस थांब. मी थांबलो... थांबायला नको होतं.

त्या प्रकरणात आयर्लंडच्या खेड्यात एक आई मरते आणि मुलगा परदेशात असतो. ती साहेबांचीच कहाणी. आई शेवटी काय बोलली असेल, ते त्यांना सुचत नव्हतं. त्या दुपारी ते पुढचं सांगू लागले. मी मान खाली घालून लिहीत होतो. वाचून दाखवताना अडखळलो. इंग्रजीच्या मधोमध माझ्याच अक्षरात एक ओळ होती –

डोये थकले रे. आता येऊ नोको.

ती ऐकून साहेब म्हणाले, तिथं मी काहीच सांगितलं नाही, जागा मोकळी सोड म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नामदेव दारात उभा. आदल्या दुपारीच आई गेली होती. शेवटचं काही बोलली का, मी विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "तुह्याच नावानं बोलून राहिली होती. डोये थकले रे म्हणे, आता येऊ नोको."

मी तसाच त्याच्याबरोबर पातूरला निघालो.

दिवसकार्य आटोपून परतलो तेव्हा साहेबांनी ओळीचा अर्थ विचारला. डोळे थकले, आता येऊ नको, हे खरं सांगायची छाती झाली नाही. म्हटलं, 'बाळा, जेवून घे.' त्यांचे डोळे भरून आले. हेच ठेव, म्हणाले. छापील पुस्तकात त्यांची आई मरताना तेच म्हणते.

ती ओळ साहेबांच्या तोंडून निघाली की माझ्याच हातून, मला आजही कळलेलं नाही. माझ्या आईला मात्र मी दोनदा गमावलं – एकदा पातूरला वेळेवर न जाऊन, आणि एकदा तिचे शब्द बदलून.