इंग्रजीत मागणारा माणूस

देणग्या शोधत फिरणाऱ्या माणसाकडे दोनच गोष्टी साठतात. एक साहेब लोकांची व्हिजिटिंग कार्डं, आणि दुसरे किस्से. कार्डांवरचे फोन कोणी उचलत नाही, त्यामुळे चार मित्र जमले की आपल्याकडे काढायला उरतात ते किस्से!

आमची संस्था आदिलाबादची. उटनूर-नार्नूरकडच्या जंगलातल्या गावांमध्ये आम्ही बालवाड्या चालवतो. ऑफिस शहराला लागूनच असलेल्या मावल्याला, एका पिठाच्या गिरणीच्या वर. खाली दिवसभर दळण चालू, वर माझी प्रपोजलं चालू. फरक एवढाच की खालून पीठ निघतं.

ऑफिसात माणसं तीन. वंदनाताई संस्थेच्या प्रमुख. शाळेतली नोकरी सोडून त्यांनी हे सुरू केलं आणि अजून आम्हाला विद्यार्थीच समजतात. गंगाधरभाऊ जीप चालवतात, बालवाड्यांचं सामान पोचवतात, आणि न विचारता मत देतात. तिसरा मी. मी पैसे आणतो. म्हणजे आणायला जातो.

*

मी या कामात नवीन होतो तेव्हाची गोष्ट. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीच्या सीएसआर विभागाला, म्हणजे समाजकार्याला पैसे देणाऱ्या खात्याला, फोन करायचा होता. मी इंग्रजीतलं भाषण पाठ केलं. आरशासमोर म्हटलं, गंगाधरभाऊंसमोर म्हटलं. ते म्हणाले, "सर, काही समजलं नाही, पण रडू आलं."

फोन लागला. पलीकडून "हॅलो" आलं आणि मी सुटलो. आदिवासी पोरं, पोषण, बालवाडी, आमची तळमळ, सगळं एका दमात. पलीकडचा माणूस मध्ये एक शब्द बोलला नाही, फक्त हुंकार देत होता. मला वाटलं, आता जमलंच! शेवटी मी ऐटीत विचारलं, "एनी क्वेश्चन्स, सर?"

"तुम्ही मराठी दिसता," तिकडून आवाज आला. "मी गेटवरचा वॉचमन. फोन इकडं लागलाय."

"अहो, मग मध्येच सांगायचं ना!"

"एवढं कळकळीनं बोलत होता... म्हटलं, बोलू द्यावं माणसाला."

मी फोन ठेवला आणि वंदनाताईंना घडलं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "जपून ठेव तो नंबर. आपलं पूर्ण ऐकून घेणारा पहिला माणूस आहे तो."

*

आमची भाषा मराठी आणि जिल्हा तेलंगणात. याचं दुःख देणगी मागायला लागलं की कळतं.

मुंबईचं फाउंडेशन म्हणालं, "काम छान आहे हो, पण आम्ही फक्त महाराष्ट्रात देतो." हैदराबादच्या कंपनीतले साहेब म्हणाले, "आप तो मराठी लोग हैं. महाराष्ट्र में क्यों नहीं ट्राय करते?" दोन्ही नकार एकाच आठवड्यात!

महाराष्ट्रातून आम्ही जीपनं परतत होतो. दोन राज्यांच्या हद्दीवरचा पैनगंगेचा पूल आला तशी गंगाधरभाऊंनी जीप हळू केली आणि खाली पाण्याकडे पाहत म्हणाले, "सर, आपलं हापिस इथंच टाकू काय? मधोमध?"

मागच्या सीटवरून वंदनाताई म्हणाल्या, "टाकू. मग दोघंही म्हणतील, आम्ही जलचरांसाठी देत नाही."

*

हा आता माझ्या हुशारीचा किस्सा. आधी आम्ही एका फाउंडेशनला बायकांना शेळ्या देण्याचं प्रपोजल पाठवलं होतं. ते नापास झालं. पुढे दुसऱ्या फाउंडेशनला बालवाडीचं पाठवायचं होतं आणि मुदत संपत आलेली. म्हटलं, नवीन कशाला लिहायचं? कॉम्प्युटरला सांगितलं, जिथं जिथं 'शेळी' असेल तिथं तिथं 'मूल' घाल. कॉम्प्युटरनं इमानदारीत घातलं. मी पाठवून दिलं आणि चहा प्यायला गेलो.

दुसऱ्या दिवशी वंदनाताईंनी त्याची प्रिंट काढून वाचली. मला समोर बसवलं आणि मोठ्यानं मराठी करून वाचायला लागल्या.

"प्रत्येक बाईला दोन मुलं देण्यात येतील. मुलं इथल्या हवेत टिकणारी, गावठी जातीची निवडली जातील. दिवसा ती जंगलात चरायला सोडली जातील. चांगली वजनदार झाली की उटनूरच्या बाजारात विकून..."

"ताई, बस करा."

"थांब रे. पुढं लेंडीखताचं आहे."

मी तोंड लपवून बसलो. फाउंडेशनला माफीचा मेल लिहायला घेतला, तर त्यांचंच उत्तर आलं. अगदी सभ्य भाषेत. आपला प्रस्ताव आम्ही काळजीपूर्वक वाचला, तो आम्हाला अभिनव वाटला. मात्र यंदा पशुपालन हा आमचा विषय नाही.

"बघ," वंदनाताई म्हणाल्या, "काळजीपूर्वक वाचलं त्यांनी!"

*

कंपन्या काहीच देत नाहीत असं नाही हं. पैसे नसले तर माणसं देतात. हैदराबादहून कंपनीची पोरंपोरी बसनं येतात, सगळ्यांचे टी-शर्ट एका रंगाचे, आणि एक दिवस समाजसेवा करून जातात. एका दिवसात होण्यासारखी समाजसेवा म्हणजे भिंत रंगवणं.

रस्त्यालगतची आमची बालवाडी एकच. त्यामुळे प्रत्येक कंपनीला मी तिथंच नेतो. एकीनं भिंत निळी केली, फुलपाखरं काढली. पुढचीनं त्यावर पिवळा मारून हत्ती काढले. तिसरीनं हत्तीवर हिरवा मारून एबीसीडी लिहिली. पोरांनी फुलपाखरं शोधत भिंत खरवडली तर आधी हत्ती निघाले!

चौथ्या कंपनीचं ठरलं तेव्हा मी तिथल्या शांताबाईंना आनंदानं सांगायला गेलो. बालवाडी त्याच चालवतात. त्या म्हणाल्या, "येऊ द्या सर, पोट्ट्यायले मजा येते. पण या खेपेला त्यायले दरवाजा द्या. भिंत आता लय जाड होऊन राह्यली."

*

आणि ते ऑनलाइन प्रेझेंटेशन! बंगळुरूच्या एका फाउंडेशननं देशभरातल्या संस्थांमधून आम्हाला शेवटच्या फेरीला निवडलं होतं. त्या दिवशी आम्ही नार्नूरकडं अडकलो. गावात नेटवर्क नाही. गंगाधरभाऊंनी जीप टेकडीवर चढवली, बॉनेटवर लॅपटॉप ठेवला, आणि मी इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिलो. मागे सागाचं जंगल लांबपर्यंत.

मी चांगलं बोलत होतो. खरंच चांगलं! तेवढ्यात परीक्षक मॅडमनी मला थांबवलं. "सॉरी, तुमचा तो बॅकग्राउंड बंद कराल का? खूप खोटा वाटतोय, लक्ष विचलित होतं."

मी गोंधळलो. डावीकडं सरकलो, तिकडंही जंगल. लॅपटॉप फिरवला, तर जंगलात म्हशी आल्या. मॅडम म्हणाल्या, "नो नो, अ‍ॅनिमेशन पण नको!"

गंगाधरभाऊ बाजूला उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, "काय म्हनून राह्यले?"

"मागचं जंगल बंद करा म्हणतात."

"आपन कसं बंद करू? ते फारेस्टवाल्याईचं काम हाय!"

माइक चालूच होता; तिकडच्या एका मराठी माणसानं हे ऐकून सगळ्यांना समजावून सांगितलं. ग्रँट मिळाली नाही, पण मीटिंग हसत संपली.

*

परक्या पाहुण्यांसोबत गेलं की दुभाष्याचं काम माझ्याकडं येतं. एकदा आम्हाला तीन वर्षांसाठी पैसे देणाऱ्या फाउंडेशनच्या मॅडम दिल्लीहून आल्या होत्या. गावातल्या बायका गोल करून बसल्या. मॅडमनी त्यांचा आवडता प्रश्न विचारला: तीन वर्षांनी आम्ही निघून गेल्यावर तुम्ही काय कराल?

मी मराठी करून सांगितलं. बायका एकमेकींकडं पाहायला लागल्या. मग एका म्हातारीनं पुढं सरकून मॅडमचा हात धरला.

"काऊन जाता व बाई? आमचं काही चुकलं काय?"

मॅडम माझ्याकडं पाहू लागल्या. काय म्हणाली ती?

मी घसा खाकरला आणि इंग्रजीत सांगितलं, "मॅडम, ही सांगतेय की समुदायाचा सहभाग अतिशय भक्कम आहे."

मॅडमनी मान डोलावली. म्हातारीनं हात मात्र सोडला नाही.

*

लग्नाचं राहिलंच. मी मुलगी पाहायला गेलो होतो, बरोबर माझी आई. आईनं आयुष्यभर कापूस वेचला, आम्हाला शिकवलं. मुलीचे काका शिक्षक, नेमकं विचारणारे.

"मुलगा काय करतो?"

मी सावरून बसलो. "मी रिसोर्स मोबिलायझेशन पाहतो. म्हणजे कॉर्पोरेट पार्टनरशिप, इन्स्टिट्यूशनल डोनर..."

काकांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्यांनी आईकडं पाहिलं. "म्हणजे काय हो करतात हे?"

आईनं बशीत चहा ओतला. "मागते," ती म्हणाली. मग माझा चेहरा पाहून तिला वाटलं, पोराची बाजू सावरली पाहिजे. "पण इंग्रजीत मागते!"

 आतल्या खोलीत कोणीतरी फस्सकन हसलं. ती मुलगी होती. तिनं हसूनच होकार दिला म्हणा ना. आज इतकी वर्षं झाली, घरात मी दुसऱ्यांदा चहा मागितला की स्वयंपाकघरातून एकच उत्तर येतं: "इंग्रजीत माग!"

*

पण सगळ्यात भारी किस्सा लच्छू पटेलांचा.

ते वर्ष फार वाईट होतं. जुनी ग्रँट संपलेली, नवी मिळेना. वंदनाताईंनी शांताबाईंना आणि बाकी बायांना सांगून टाकलं होतं की दिवाळीनंतर बालवाड्या बंद कराव्या लागतील.  अशात एका फाउंडेशनचे साहेब स्वतः गाव पाहायला येतो म्हणाले. शेवटची आशा!

आम्ही एका गावात जय्यत तयारी केली. कमान, ढोल, पोरांचं स्वागतगीत. कोणी काय बोलायचं हेही मीच शिकवून ठेवलं होतं. साहेबांना घेऊन निघालो आणि अर्ध्या वाटेत जीप बंद पडली. गंगाधरभाऊ बॉनेट उघडून आत शिरले. ऊन मी म्हणत होतं, म्हणून आम्ही शेजारच्या वस्तीत सावलीला गेलो. गोंडांची लहानशी वस्ती. तिथं आमचं काहीच काम नव्हतं.

एका म्हाताऱ्यानं बाज टाकली, पाणी दिलं. हे तिथले लच्छू पटेल, म्हणजे वस्तीचे प्रमुख. साहेब मूळचे नागपूरचे, मराठी चांगली यायची. त्यांनी बसल्याबसल्या विचारलं, "ही संस्था तुमच्या गावात काय काम करते?"

 वंदनाताई छपराकडं पाहायला लागल्या.

"काहीच नाही," पटेल म्हणाले.

"कधी कोणी आलंच नाही?"

पटेलांनी मला नीट न्याहाळलं. "हे सर आल्ते एकडाव."

"कशासाठी?"

"रस्ता चुकले व्हते."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मला ते आठवतही होतं, आणि त्या क्षणी जमिनीत जावंसंही वाटत होतं.

"मग काय केलं त्यांनी?"

"बसले. जेवले. पोट्ट्यायसंगं खेळले जराकसे. मंग आमी रस्त्याला लावून देल्लं."

साहेब हसायला लागले. थांबेचनात! मग त्यांनी बूट काढले आणि बाजेवर मांडी घातली. जीप सुरू झाली तरी उठायला तयार नाहीत. पटेलांच्या घरी ज्वारीची भाकर खाल्ली, पोरं कुठं शिकतात विचारलं. कळलं की कुठंच नाही. ऊन कलल्यावर म्हणाले, "आता परत जाऊ. पाहायचं ते पाहिलं." तिकडं कमानीखाली पोरं ढोल घेऊन वाट पाहत राहिली. मी मनातल्या मनात बालवाड्यांना कुलूप लावलं.

दिवाळीआधी फोन आला. ग्रँट मंजूर! सगळ्या बालवाड्यांसाठी. अट एकच, एक नवीन बालवाडी लच्छू पटेलांच्या वस्तीत सुरू करायची. वंदनाताईंनी मला पुन्हा सांगायला लावलं, मग खुर्चीत बसून डोळ्यांना पदर लावला. गंगाधरभाऊंनी खाली जाऊन गिरणीवाल्याला पेढे दिले.

दुसऱ्याच दिवशी मी एकटाच मोटारसायकल घेऊन पटेलांकडं गेलो. त्यांनी बाज टाकली, पाणी दिलं. मी सगळं समजावून सांगितलं: साहेब खूश झाले, पैसे मंजूर झाले, इथं बालवाडी होणार, शिकवायला बाई येणार. 

पटेलांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग उठले, पायात चपला घातल्या, कोपऱ्यातली काठी घेतली आणि मायेनं म्हणाले,

"बरं सर, आज कुठं जायाचं व्हतं तुमाले?"