आठवी 'ब'ची हजेरी

अच्युतच्या घरी कुणी गेलं की त्याची बायको रश्मी आधी खुर्चीवरचे हजेरीपट उचलते आणि मग "बसा" म्हणते. राइट टाउनमधलं त्यांचं घर काही लहान नाही, पण आमच्या शाळेचे त्र्याऐंशी हजेरीपट तिथे राहायला आल्यापासून माणसांना जागा कमी पडते.

शाळा नव्या इमारतीत गेली तेव्हा ते रद्दीत निघाले होते. अच्युत देवपुजारी कॉलेजात इतिहास शिकवतो. त्यानं दोन ऑटो करून ते घरी आणले.

"लोकांचे नवरे जुनी नाणी जमवतात," रश्मी मला म्हणाली. "आमच्याकडे 'उ' आणि 'गै' आले. उपस्थित आणि गैरहजर. यात वाचायचं काय असतं, बाई, तुम्हीच सांगा."

 चौतीस वर्षं मीच ते भरले होते, आणि भरून झालं की मिटून टाकले होते.

अच्युत मात्र वाचतो. ओळीखाली फूटपट्टी धरायची, पेन्सिल कानावर, दुपारी चार पानं, त्याहून जास्त नाही. अक्षर पुष्कळदा माझं, म्हणून अधूनमधून मला बोलावतो.

"बाई, हे बघा. डिसेंबर लागला की ही पाच पोरं गायब. कुठे जात असतील?"

"मटर तोडायला. त्यांची घरं शेतावर होती."

"आणि ही मुलगी? सातवीपर्यंत एक खाडा नाही. आठवीत दर महिन्याला चार दिवस."

 त्याला ते कागदावर दिसलं होतं. मी वर्गात उभी राहून त्या पोरीला सगळ्यांसमोर विचारत असे, काहून गं येत नाहीस?

"तुम्ही एकेक दिवस लिहिला," तो समजूत घालत म्हणाला. "मी सलग वाचून राहिलो. एवढाच फरक."

एक हजेरीपट मात्र तो उघडत नव्हता. १९७८, आठवी 'ब'. माझ्या नोकरीचं पहिलं वर्ष. खाकी कव्हर मीच घातलेलं.

त्या वर्गात अच्युतची थोरली बहीण दीपा होती आणि अच्युतचा मित्र बंडूही होता. देवपुजारी तेव्हा शहराच्या जुन्या भागात, गढ्यात, पोतदार गल्लीत राहत, बंडूचं घर रस्त्यापलीकडे. पोरं दिवसभर एकमेकांच्या घरात. त्या वर्षी अनंत चतुर्दशीला विसर्जन झाल्यावर बंडूनं दीपाला हातगाडीपाशी नेऊन फुल्की खाऊ घातली. पाणीपुरीला आमच्याकडे फुल्की म्हणतात. आठव्या दिवशी दीपाला ताप आला, डोळे पिवळे झाले, आणि दसऱ्यानंतर ती गेली. तेराव्याला भरल्या घरात अच्युतची आई म्हणाली, "त्यानंच खाऊ घातलं. त्याला काही झालं नाही, माझी पोर गेली."

बंडू तेरा वर्षांचा होता. तो दारातून परत फिरला आणि पुन्हा त्या घरी आला नाही. पुढे देवपुजारी राइट टाउनला आले, तो गढ्यातच राहिला. एका शहरात सत्तेचाळीस वर्षं दोघं मित्र लांबून मान हलवत राहिले. बंडूनं फुल्की सोडली, हेही मला शाळेतल्याच कुणीतरी सांगितलं होतं.

आईच्या बोलण्यात तेव्हा कुणालाच काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. आजार बाहेरच्या खाण्यातून येतो हा आपल्या लोकांचा पक्का समज. घरचं पाणी, तेही तांब्याच्या लखलखीत हंड्यातलं, वाईट कसं असेल?

गेल्या श्रावणात आईला शहाऐंशी पूर्ण झाली. त्या दिवशी जेवताना तिनं एकाएकी विचारलं, "बंडू आहे का रे अजून?" दुसऱ्या दिवशी अच्युतनं मला फोन केला. "बाई, तो हजेरीपट उघडतो. काय झालं होतं ते आई असेपर्यंत कळायला पाहिजे. तुम्ही या."

चार दुपारी आम्ही बसलो. एकच वर्ग नाही, त्या वर्षीचे सगळे वर्ग. तो नावं वाचायचा, मी दाखल-खारीज रजिस्टरातून, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीतून, पत्ता काढायची. चिठ्ठी घेऊन आलेल्या मुलाच्या ओळीपुढे शेऱ्यात आम्ही कारण लिहीत असू. पोतदार गल्लीतली सतरा मुलं, त्यातल्या अकरा जणांपुढे एकच शब्द: कावीळ. रस्त्यापलीकडची बावीस, त्यात एक. आणि अकरातली पाच तर गणपती बसायच्या आधीच अंथरुणावर होती. फुल्कीच्या कितीतरी आधी.

गल्लीला एकच नळ होता आणि त्याचा पाइप नालीतून यायचा, हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. पलीकडचे लोक विहिरीचं पाणी प्यायचे.

अच्युतनं फूटपट्टी बंडूच्या ओळीखाली धरली. उ, उ, उ, थेट दिवाळीपर्यंत. "हीच ओळ, बाई. त्याला काही झालं नाही, असं आई म्हणायची ना? का झालं नाही, ते इथे आहे."

मी माझं अक्षर बघत होते. माझ्या एका वर्गात 'कावीळ' हा शब्द मी पाच वेळा लिहिला होता आणि पाचही वेळा पान उलटलं होतं.

आईला कमी ऐकू येतं. अच्युतनं दोनदा सांगितलं. ती बराच वेळ लुगड्याचा काठ चाचपत राहिली. मग म्हणाली, "हंडा मी रोज चिंचेनं घासायची रे."

याचीच त्याला भीती होती. तो तिच्यापुढे जमिनीवर बसला. "अकरा जणांच्या घरी हंडे होते, आई. सगळे घासलेलेच. पाणी नळातूनच तसं यायचं."

"म्हणजे त्या पोराचं काही नाही."

"काही नाही."

"मग मी बोलले ते?"

तिनं लुगड्याचा काठ सोडला. "बोलाव त्याला," ती म्हणाली. "मी आहे तोवर बोलाव."

बंडूचं गढ्यात मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. आम्हा दोघांना पाहून तो स्टुलावरून उठला.

"काहून? काकू गेल्या का?"

"नाही. तुला बोलावून राहिली."

"अच्छा." तो तांब्याची तार गुंडाळत राहिला. अच्युतनं काउंटरवर झेरॉक्स पसरली आणि वर्गात सांगतो तसं सावकाश सगळं सांगितलं. बंडूनं तार खाली ठेवली. बोट त्यानं स्वतःच्या ओळीवर नाही, दीपाच्या ओळीवर ठेवलं, आणि नाव कमी करताना मी मारलेल्या लाल रेघेपाशी थांबवलं. नाक पुसून म्हणाला, "बाई, माझी एवढी हजेरी, अन् तुम्ही बक्षीस नाही दिलं?"

"आता देते," मी म्हणाले. 

रविवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि उभाच राहिला, कारण खुर्चीवर हजेरीपट होते. रश्मीनं ते उचलले. आईनं त्याला खालून वर न्याहाळलं.

"काहून इतका वाळला रे?"

"वय झालं, काकू."

रश्मीनं पाणी आणलं. पेला हातात घेऊन बंडू म्हणाला, "भाभी, फिल्टरचं आहे ना?"

 अच्युत खिडकीबाहेर पाहू लागला. एरवी निम्मं न ऐकणाऱ्या आईनं हे मात्र नेमकं ऐकलं, आणि सगळ्यांत आधी तीच हसली. हसता हसता तिनं डोळ्याला पदर लावला.

"पी मेल्या," ती म्हणाली. "अन् त्या दिवशी फुल्की खाताना दीपा काय म्हणाली, ते सांग. मी कधी विचारलंच नाही."

बंडूनं खुर्ची तिच्या जवळ ओढली. "तिखट मागून राहिली होती, काकू," तो म्हणाला. "डोळ्यांतून पाणी येऊन राहिलं, तरी म्हणे, भैया, अजून तिखट."