दामणीला गाठ नाही

शिडाच्या खालच्या कोपऱ्याला बांधलेला दोर म्हणजे दामण. खुंटीला तिचा एक वेढा द्यायचा आणि टोक हातात धरायचं; गाठ मारायची नाही. वादळी झोत आला की ती क्षणात सुटली पाहिजे, नाहीतर शीड वारा सोडत नाही आणि गलबत आडवं होतं. आहे काय नि नाही काय! पण बत्तीस वर्षं हे काम एकाच माणसाने केलं, म्हणून सगळे त्याला मुठ्या म्हणत.

वर्षभर त्या मुठीतली दोन बोटं बधिर होती. बायकोलासुद्धा पत्ता नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची! कळलं तर गलबताचा प्रमुख, तांडेल, किनाऱ्यावर बसवणार, आणि घरात लसूण सोलत बसण्यापेक्षा मेलेलं बरं, असं मुठ्याचं म्हणणं.

त्या दुपारी वारा गुणी होता. बोटं चोळायला दोनच मिनिटं, म्हणून मुठ्याने दामणीला गाठ मारली. अरे, बत्तीस वर्षांची अक्कल काय चरायला गेली होती?

बघता बघता आभाळ काळवंडलं, पाऊस आणि वादळी झोत एकदमच आले.

"दामण सोड!" सुकाणूवरून तांडेल ओरडला.

भिजलेली गाठ आवळून बसली होती. बोटं नुसती घसरत होती. गलबत कललं, काठावरून पाणी आत आलं, पिंपं गडगडली. सहा जीव होते वर, त्यांत त्याचा जावई. लेकीनेच हट्टाने चार महिन्यांपूर्वी कामाला लावलेला. मुठ्याच्या तोंडचं पाणी पळालं. पोरीला काय तोंड दाखवू?

"सरका, मामा!" जावई चुलीजवळची सुरी घेऊन धावला. एक घाव, दुसरा, तिसऱ्याला दोर तुटला. शीड मोकळं फडफडलं आणि गलबत हळूहळू सरळ झालं.

"गाठ कुणी मारली?" तांडेलाने विचारलं.

जावयाने सासऱ्याच्या हाताकडे पाहिलं. "मी..."

"गप बस! घरी असशील जावईबापू. गाठ माझी आहे." मुठ्याने सगळ्यांसमोर मूठ उघडली. दोन बोटं मिटलेलीच राहिली.

तांडेलाने ती बोटं पाहिली. मग त्याने नवा दोर आणून जावयाच्या हातात दिला. "शिकव याला," तो मुठ्याला म्हणाला.

मुठ्याने दाखवलं. "एक वेढा. टोक हातात. गाठ नाही."

"आणि मामा, हात भरून आला तर?"

"तर बोंब मारायची," मुठ्या म्हणाला आणि त्याला रडूच फुटलं. "लाजायचं नाही, पोरा. मी वर्षभर लाजलो."