स्क्वामिशची तीन मतं

स्क्वामिश या परदेशातल्या डोंगरी गावात आमच्या ओळखीत मराठी घर एकच, आमचं. दर संक्रांतीला मी तिळाचे लाडू वळायचे आणि नवरा नि मुलगी ते गपगुमान खायचे. कडक झाले म्हणून नाक मुरडायलासुद्धा दुसरी बाई नाही! वाणाच्या वाट्या पुण्याहून हौसेने आणल्या होत्या, त्या बेसमेंटमध्ये खोक्यातच पडून. बोलावलं की आसपासच्या गावांतल्या मराठी बायका म्हणायच्या, येऊ गं नक्की, रस्त्यावरचा बर्फ कमी झाला की. तोवर रथसप्तमी उलटून गेलेली असायची.

या सगळ्या गावांच्या मिळून एका मराठी मंडळाचं हळदीकुंकू दरवर्षी सरे गावाला, कारण घरं त्यांचीच जास्त. कोक्विटलाम गाव त्यावरून फुगून बसायचं. अमेरिकेची निवडणूक टीव्हीवर बघून कोक्विटलामच्या एका पुणेकर इंजिनिअरच्या डोक्यात किडा वळवळला. झूम मीटिंगमध्ये तो म्हणाला, आपणही तसंच करू. तिथे राज्याला लोकसंख्येच्या मानाने मतं मिळतात आणि वर लहान-मोठं न बघता प्रत्येकाला दोन. आपल्याकडे गाव म्हणजे राज्य. दहा घरांमागे एक मत, घरं कमी असली तरी निदान एक, आणि वर दोन. गावात ज्याची सरशी, त्याला गावाची सगळी मतं. अशी सरेची झाली आठ, कोक्विटलामची पाच, बर्नबीची चार. आणि आमच्या एकट्या घराची तीन!

बर्नबी पहिल्यापासून कोक्विटलामच्या बाजूचं, तरी दोघांची मिळून नऊच. जिंकायला अकरा हवीत. म्हणजे आमच्याशिवाय कुणाचंच पान हलेना. एरवी वर्षभर विचारत नव्हत्या त्या बायकांचे फोनवर फोन. सरेच्या अध्यक्षीणबाईंनी पहिल्या उखाण्याचा मान देऊ केला, कोक्विटलामने गुळपोळ्या. नवरा म्हणाला, कोक्विटलामला देऊन टाक, तो इंजिनिअर माझा ऑफिसातला मित्र आहे. आमच्या राज्यात मतदार दोनच, आणि त्यात सरशी कुणाची होते हे सांगायला नको.

मीटिंगमध्ये मी सरळ म्हटलं, "आमची तीन मतं स्क्वामिशला. हळदीकुंकू माझ्या घरी."

अकरा कुणालाच मिळेनात. तेवढ्यात आमच्या लेकीने कॅमेऱ्यात डोकं घातलं. शाळेत नुकताच झाला होता तिचा हा धडा. इंग्रजीतून तिने सांगितलं की असं अडलं की तिथे पहिल्या तिघांतून निवडतात, आणि मग प्रत्येक राज्याला एकच मत. इंजिनिअरसाहेबांना मान हलवावीच लागली, नियम त्यांनीच आणलेले. सरेने सरेला दिलं. बर्नबी दोघांच्या भांडणाला विटलं होतं, त्यांनी आम्हाला दिलं. कोक्विटलामने विचार केला, सरेला जाण्यापेक्षा स्क्वामिश बरं.

जिंकले खरी, पण हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळपासून बर्फ. नवरा फावडं घेऊन ड्राइव्हवे शोव्हल करत होता आणि मी खिडकीशी वाट्या पुसत उभी. मत दिलं म्हणून कोणी घाट चढून येतं का?

आल्या. विंटर टायर लावून, एकीमागे एक गाड्या लागल्या, काही शेजाऱ्यांच्या दारापर्यंत गेल्या. पैठण्या आणि खाली बर्फाचे बूट. वाट्यांचं खोकं रिकामं झालं, शेवटच्या दोघींना माझ्या स्वयंपाकघरातल्या दिल्या.

अध्यक्षीणबाईंनी लाडू तोंडात टाकला, गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "कडक झालेत गं."

मला इतका आनंद झाला की त्यांच्या हातावर आणखी दोन ठेवले.