विलीनीकरण आणि आमच्या गाडीची पायरी

दोन कंपन्यांचं लग्न लागलं आणि संसार आमचा मोडायला आला.

त्यातली एक कंपनी आमच्या कॅम्पिंग कारची. आत झोपायला गादी, चहाला शेगडी, आणि दार उघडलं की खालून आपोआप सरकत बाहेर येणारी विजेची पायरी! ही गाडी मी घेतली तीच मुळी त्या पायरीसाठी, कारण सासूबाईंचे गुडघे. त्या साताऱ्याहून जपानात, आमच्या इचिकावाला येतात आणि मुक्कामभर आमच्या खिडकीतून समोरच्यांची खिडकी बघून परत जातात. या खेपेला मी शब्द दिला होता, "आई, त्सुकुबाच्या डोंगरावर प्लमची झाडं फुलतात. तुम्हाला दाखवल्याशिवाय विमानात बसवणार नाही!"

आणि नेमका कंपनीचा मेल आला. ग्राहकांना अधिक उत्तम सेवा देता यावी म्हणून आम्ही एका मोठ्या कंपनीत विलीन होत आहोत. अधिक उत्तम सेवा म्हटलं की मला धडकीच भरते. (आमच्या तिकडच्या बँकेनेही असंच कळवलं होतं. नंतर सासऱ्यांना आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला खेटे घालावे लागले.) मी तडक बाजारातून लिंबू आणि मिरच्या आणल्या, दोऱ्यात ओवल्या आणि गाडीला बांधायला निघाले.

"पुढे नको!" अजित, म्हणजे माझा नवरा, ओरडला. "नंबरप्लेट झाकली तर पोलीस धरतील!"

मग बाजूच्या दाराखाली बांधली. नजर काय, दारानेसुद्धा आत येतेच की!

शनिवारी आई शाल पांघरून, पर्स काखेत मारून तयार. मी ऐटीत दार उघडलं. पायरी आलीच नाही. दार लावलं, उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. छे!

"विलीनीकरण!" मी म्हणाले. "झाली यांची उत्तम सेवा सुरू!"

"अगं, विलीनीकरण मोठ्या साहेबांचं झालंय," अजित म्हणाला. "ते पायरीला कोणी सांगितलं?"

"तू त्यांच्या बाजूने आहेस की माझ्या?"



आई म्हणाल्या, "स्टूल ठेवा की एखादं." घरात एकच स्टूल, न्हाणीघरातलं, प्लास्टिकचं, वीतभर उंचीचं. आईंना चढवण्याआधी अजितने स्वतः उभं राहून खात्री करून घेतली. खात्री झाली. स्टुलाचे दोन तुकडे झाले आणि अजित कमरेला शेक घेत बसला. आई म्हणाल्या, "माझं काही नाही गं. मला खिडकीची सवय आहे." हे ऐकलं मात्र, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी फोन लावला. पलीकडे कंपनीचे यामादा-सान, म्हणजे यामादासाहेब. आवाज इतका मऊ, की भांडायचीच लाज वाटावी. पण मी लाज केव्हाच सोडली होती.

"ती आधीच्या कंपनीची गाडी आहे," ते म्हणाले. त्सुकुबाचं जुनं वर्कशॉप बंद झालं होतं. नवं थेट उत्तरेला, दिवसभराच्या रस्त्यावर. आमचं मॉडेल बंद, त्यामुळे पायरीही मिळणार नाही. मात्र जुनी गाडी दिलीत तर नव्या गाडीवर सवलत आहे!

"गाडी तीच आहे, मीही तीच आहे!" मी बाल्कनीतून ओरडले. "बदललात तुम्ही! मग गाडी मी का बदलू?"

"मामा, यामेते!" आमची मिनू कानावर हात ठेवून म्हणाली. म्हणजे आई, पुरे कर. ही पोरगी मराठीत विचारलेल्याला जपानीतच उत्तर देते.

पुरे कसलं करतेय! मी रोज फोन करू लागले. "पायरी हवी," एवढंच वाक्य, पण रोज नव्या आवाजात. तिकडे झाडांची फुलं गळायला लागल्याचे फोटो यायला लागले, आईंचं परतीचं तिकीट जवळ आलं. अजित म्हणाला, "विकून टाकू गं." मी म्हणाले, "आधी मला विक!"

शेवटी कंपनीने हात टेकले. एका शनिवारी स्वतः यामादा-सान आमच्या पार्किंगमध्ये हजर. सोबत एक मेकॅनिक आणि माफीची मिठाई, सुंदर कागदात गुंडाळलेली. दोघे कमरेत वाकले. मी वाकले नाही. मी गाडीचं दार सताड उघडलं आणि पाठ केलेलं भाषण सुरू केलं. ग्राहक, विश्वास, सासूबाई, गुडघे... सगळं काढलं.

आई खुर्चीत बसून कंटाळल्या होत्या. "नीता, आज शनिवार ना?" त्या मध्येच म्हणाल्या. "ही लिंबू-मिरची बघ कशी वाळून खडखडीत झालीय. बदलायची नाही का?" आणि त्यांनी काठीच्या टोकाने ती ओढून पाडली.

सर्रर्र! पायरी बाहेर.

मेकॅनिक वाकला आणि दाराखालचा सेन्सर दाखवू लागला. समोर काही आडवं आलं तर पायरी येत नाही, कोणाच्या नडगीला लागू नये म्हणून. अजित आभाळाकडे बघू लागला. यामादा-साननी ती लिंबू-मिरची दोन्ही हातांनी अलगद उचलली, व्हिजिटिंग कार्ड घ्यावं तशी, आणि विचारलं, "हे काय असावं?"

नजरेला जपानीत काय म्हणतात, देव जाणे!

"सेक्युरिटी सिस्टिम!" मी ठोकून दिलं.

त्यांनी पुन्हा खोल वाकून माफी मागितली. या सिस्टिमची माहिती आधीच्या कंपनीने त्यांना दिलीच नव्हती!

त्याच दुपारी आम्ही त्सुकुबा गाठलं. बरीच फुलं गळली होती, पण आई त्या पायरीवर बसून उरलेल्या झाडांकडे बघत राहिल्या. कोणी बोललेलं त्यांना ऐकूच जात नव्हतं. मला भरून आलं. मग त्यांनी कंपनीची मिठाई तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "माणसं चांगली आहेत गं. उगाच भांडलीस."

उगाच? वर्कशॉप बंद केलं नसतं तर पहिल्याच दिवशी कोणीतरी येऊन दाराखाली वाकून बघितलं असतं की नाही? मी आजही सांगते, चूक कंपनीचीच! गाडीचं मॅन्युअल मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळलंय. लिंबू-मिरची कुठे बांधू नये, याबद्दल त्यात एक अक्षर नाही!