तिकोनी काचेची गाडी

गेल्या वर्षापासून आमच्या आळीत मला जुन्या गाड्यांतला जाणकार समजतात. रत्नागिरीत जाणकार व्हायला फार काही लागत नाही, एकदा सगळ्यांच्या देखत सणसणीत फसावं लागतं. आम्ही फसलो तेव्हा आख्खी आळी हजर होती. त्यामुळे आता कुणाला ती गोल दिव्यांची, स्टिअरिंगला गियर असलेली जुनी छोटी गाडी घ्यायची हौस आली, की तो बरोबर चहाच्या वेळेला उगवतो आणि विचारतो, "काय काय बघून घ्यावं हो?"

हौस माझी नव्हती, वडिलांची होती. बाबा आयुष्यभर बोटीवर होते. सुट्टीवर आले की तसलीच एक गाडी काढायचे आणि आईला माहेरी, बुरोंडीला न्यायचे. ती गाडी विकून जमाना झाला. मधली वर्षं आई एस.टी.नं जायची, मग गुडघे गेले आणि एस.टी.च्या पायऱ्या परक्या झाल्या. आणि गेल्या वर्षी बुरोंडीहून निरोप आला की मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, आता अंथरुणावरून उठत नाही. ऐकू कमी येतं म्हणून फोनही बंद. भेटायचं असेल तर भेटून घ्या, असं डॉक्टर म्हणाले.

माझी गाडी होती की दारात! नवीकोरी, एसीवाली, हप्ते चालू असलेली. पण आईला गाडी लागते. हातखंबा यायच्या आत तिने दोन पिशव्या भरल्या आणि डोळे पांढरे केले. गोळ्या झाल्या, लिंबू हुंगून झालं, काचा उघड्या ठेवून झाल्या. दोनदा निघालो आणि दोनदा परत फिरलो. दुसऱ्यांदा घरी आल्यावर आई पदरात तोंड घालून रडली. "राहू दे रे, ताईचं न् माझं एवढंच होतं," म्हणाली.

त्यावर बाबा म्हणाले, "आपल्या जुन्या गाडीत हिला कधी लागली नाही. त्या तिकोनी काचेतून वारा नाकावर यायचा."

त्या गाड्यांना पुढच्या दाराच्या काचेपुढे एक छोटी तिकोनी काच असते, फिरवली की बाहेरचा वारा बरोबर आत वळतो. झालं. एका काचेसाठी आख्खी गाडी घ्यायची ठरली. घराणंच थोर आमचं!

गाडी मिळाली चिपळूणची. आता चिपळूणची गाडी म्हटल्यावर पहिला प्रश्न शेंबडं पोरही विचारेल: पुरात होती का? विकणारे गृहस्थ गाडी घेऊन दारात आले तेव्हा मी तो विचारला. गृहस्थ दुखावले. "छे हो! पूर आला तेव्हा गाडी खेडला होती, मेव्हण्याकडे." म्हणजे वाशिष्ठीच्या पुरातून वाचवायला गाडी तितकाच पूर येणाऱ्या जगबुडी नदीच्या काठावर नेऊन ठेवली होती. मी मागची सीट उचलली. खाली वाळलेल्या चिखलाची रेघ होती, लेव्हल लावून मारावी तशी सरळ. "धूळ आहे ती," गृहस्थ म्हणाले.

मी मोबाइलवर व्हिडिओ बघून तयार होतो. फ्रिजवरचं चुंबक आणलं होतं. पत्र्याला लावायचं, चिकटलं तर पत्रा, पडलं तर आत गंज आणि वरून लांबी, म्हणजे पुट्टी भरून रंग. चुंबक दाराला लावलं, पडलं. मडगार्डला लावलं, पडलं. टपाला चिकटलं तेव्हा आळीने टाळ्या वाजवल्या. इंजिन थंड असताना सुरू करून बघावं म्हणतात, तर हे चिपळूणहून धावत आलेलं, तव्यासारखं तापलेलं. "उद्या सकाळी बघू," मी म्हटलं. पण गृहस्थांना परतीची एस.टी. गाठायची होती. मागून निळा धूर येत होता. शेजारचे काका म्हणाले, "डासांना बरा."

आणि बाबा? बाबा गाडीखाली वाकले आणि त्यांचा चेहरा उजळला. खाली सगळीकडे काळंभोर जाड लेपण होतं, होडीच्या बुडाला देतात तसलं. "बघ! माणसाने होडीसारखी जपलीय," बाबा म्हणाले. त्यांनी बोटाच्या पेराने दोन-चार ठिकाणी टकटक केलं, कान लावला आणि मान डोलावली. आळीतल्या जुन्या खलाशांनीही वाकून बघितलं आणि मान डोलावली. बुडाला लेपण दिसलं की आमच्या माणसांचा जीव भांड्यात पडतो. लेपणाच्या आत पत्रा आहे की नाही हे कुणी विचारलं नाही. होडी लाकडाची असते आणि गाडी पत्र्याची, एवढा फरक समजायला काय बोटीवर जावं लागतं?

"बाबा, ही गाडी घ्यायची नाही," मी स्पष्ट सांगितलं. "खाली नुसतं डांबर आहे, डांबर!"

तेवढ्यात आई काठी टेकत बाहेर आली. तिने कुणाला काही विचारलं नाही. पुढचं दार उघडून सीटवर टेकली, पाय आत घेतले. गाडी बुटकी, त्यामुळे गुडघे न कुरकुरता आत गेले. मग तिने ती तिकोनी काच फिरवली. काच किर्र करून उघडली. आई डोळे मिटून बसून राहिली आणि बाबांनी पैसे आणायला सुनेला आत पाठवलं. गाढवापुढे वाचली गीता!

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी नारळ ठेवून बाबांनी गाडीपुढे गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, आज ही तुझी लेक बहिणीच्या भेटीला चाललीय. वाटेत काय वाकडं असेल तर सरळ कर, आडवं असेल तर उभं कर, आणि हिला सुखरूप बुरोंडीला पोचव रे महाराजा!" आळी ओरडली, "होय महाराजा!" मग आळीनेच धक्का मारला, कारण थंड इंजिन काही देवाचंही ऐकेना.

दोन खाड्या फेरीबोटीवरून ओलांडायच्या होत्या. पहिल्या बोटीतून उतरताना गाडी बंद पडली, तेव्हा मोटरसायकलवाल्यांनी ढकलली. दुसऱ्या बोटीत चढतानाच बंद पडली, म्हणजे प्रगती होती. बाबा चालवत होते, मी मागे बसलो होतो. दाभोळ सोडल्यावर खड्ड्यात चाक आदळलं आणि पायाखालचं लेपण सोलून निघालं. खाली रस्ता दिसू लागला. मी पाय वर घेऊन मांडी घातली आणि बाबांना माझ्या मनातलं सगळं ऐकवलं. बाबा म्हणाले, "बोंबलू नको, हिला झोप लागलीय."

खरंच लागली होती. गालावर वारा घेऊन आई शांत झोपली होती. पिशवी घडी न मोडता मांडीवर.

बुरोंडीला मावशीच्या अंगणात गाडी शिरली, खालून काहीतरी मोडल्याचा आवाज झाला आणि ती मागच्या अंगाने खाली बसली. मी तावातावाने उतरलो. "आता परत कसं जायचं?"

"ते मी मागितलंच नव्हतं," बाबा म्हणाले. "पोचव म्हटलं होतं."

मावशीने खाटेवरून खिडकीतून सगळं बघितलं असावं. आई तिच्याजवळ जाऊन बसली, दोघी एकमेकींचे हात धरून नुसत्या रडल्या. मग मावशी म्हणाली, "मला गाडीत बसव." मावशीच्या मुलांनी तिला उचलून पुढच्या सीटवर बसवलं, आई शेजारी ड्रायव्हरच्या जागी बसली. आईने स्टिअरिंग धरलं. मावशीने तिकोनी काच उघडली. खाडीवरून आलेला वारा आत शिरला आणि तिचे पांढरे केस उडाले.

"कुठे न्यायचं, ताई?" आईने तिच्या कानाशी ओरडून विचारलं.

"आलो की गं," मावशी म्हणाली.

मी चुंबकाचं, चिखलाच्या रेघेचं, डांबराचं पुन्हा काढणार होतो. त्याऐवजी मागे जाऊन चाकांना दगड लावून आलो.

आई तिथेच राहिली, शेवटपर्यंत. रोज संध्याकाळी दोघी त्या मोडक्या गाडीत तासभर बसायच्या. पावसाच्या तोंडावर मावशी गेली. मग आईला मी माझ्याच गाडीतून घरी आणलं, वाटेत चार पिशव्या लागल्या. गाडी अजून त्या अंगणात आहे, कोंबड्या आत अंडी घालतात.

तर चहा प्यायला आलेल्याला मी सगळं नीट सांगतो. सीट उचलून बघा, चुंबक लावा, थंड इंजिन सुरू करा, चॅसी नंबर आरसी पुस्तकाशी ताडून बघा, बुडाचं लेपण खरवडून आत पत्रा आहे का ते बघा. माणूस मान डोलावतो आणि उठतो. तेवढ्यात आतून आईचा आवाज येतो:

"अरे, तिकोनी काच उघडते का तेवढं आधी बघायला सांग त्याला."