नवरात्रातला पापडखार

घरात सफेदीसाठी चुना भिजत घातला की ती घटना अजूनही डोळ्यांपुढे उभी राहते. सुनेला वाटतं, म्हाताऱ्याला चुन्याचा वास सोसत नाही. म्हणून ती माझी खुर्ची अंगणात नेऊन टाकते. मीही खरं कारण सांगत बसत नाही. आज इथे सांगतो. नावं मात्र कुणाचीच सांगणार नाही.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. हुकूम नागपूरहून निघायचे आणि आमच्यापर्यंत पोचेस्तोवर निम्मे शिळे झालेले असायचे. बुलढाणा जिल्ह्यात मेहकरच्या बाजूला एका लहानशा ठाण्यात मी ठाणेदार म्हणून नुकताच बदलून आलो होतो. हाताखाली एक हवालदार, सात शिपाई आणि एक सायकल. सायकल बहुतेक वेळ हवालदाराच्याच खांद्यावर असायची. रोजनामचा उघडला तर बैलांची चोरी, शेताच्या बांधावरची, धुऱ्यावरची मारामारी, नाहीतर बाजारात फुटलेलं डोकं, यापलीकडे काही नसायचं.

नवरात्रातल्या तिसऱ्या माळेच्या सकाळी एका गावच्या पोलीस पाटलाचा माणूस धापा टाकत आला. साखरखेर्ड्याकडच्या सडकेवर, चरात, एक म्हातारी कासारीण जखमी होऊन पडली होती. गावोगाव फिरून बायकांना काकणं भरणारी बाई ती. आदल्या संध्याकाळी शेवटचं गाव करून ती घराकडे निघाली होती. मी पोचलो तेव्हा लोकांनी तिला बैलगाडीत घातलं होतं. सडकेवर तिची टोपली चेपून पडली होती आणि हिरव्या काचेचा नुसता खच. आम्ही पंचनामा करून काच पुडीत बांधली आणि गाडीमागोमाग मेहकरच्या दवाखान्यात गेलो.

म्हातारी शुद्धीवर होती. तिची जबानी मी स्वतः लिहून घेतली. धडक मागून बसली, कशाची ते तिला दिसलं नाही. पण एक गोष्ट तिनं दोनदा सांगितली.

"एक जण आला बापा. त्यानं मले पाणी पाजलं. भला माणूस होता."

"मग तुम्हाला तिथंच टाकून गेला?"

"मानसं बलवाले गेला असंन," ती म्हणाली.

दुपारपर्यंत ती गेली. डॉक्टर हात पुसत मला म्हणाले, रक्त फार गेलं. संध्याकाळीच आणली असती तर वाचली असती.

माझी चूक इथेच झाली. मी दोन माणसं शोधायला लागलो. एक धडक देऊन पळालेला, आणि दुसरा पाणी पाजून गेलेला. या दुसऱ्याबद्दल माझ्या मनात रागही नव्हता. पोलिसांचं लचांड मागे नको म्हणून रस्त्यातल्या जखमीला बघून न बघितल्यासारखं करणारे खूप असतात. हा बिचारा थांबला तरी होता. मी आसपासच्या गावांत दवंडी पिटवली : ज्यानं त्या बाईला पाणी पाजलं त्यानं न भिता ठाण्यात यावं, त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही. कुणी आलं नाही.

दवंडी ऐकून एक म्हातारा गुराखी तेवढा आला. दोन शेतं पलीकडून, दिवस मावळताना, त्यानं मोटार जाताना पाहिली होती. "चाकं काळी होती साहेब. डांबरावानी," तो म्हणाला. याहून जास्त त्याला सांगता येईना.

पेट्रोल तेव्हा कुपनावर मिळे. त्यामुळे त्या भागात चालू मोटारी किती, हे बोटांवर मोजता येत होतं. सहा होत्या. दसऱ्याच्या तोंडावर आम्ही सहाही पाहिल्या. कुणाची चाकं लाल, कुणाची पिवळी, आणि एका मोठ्या शेतमालकाच्या मोटारीची तर क्रोमची, आरशासारखी. दसऱ्याला तिची पूजा झाली तेव्हा मी हजर होतो. झेंडूच्या माळा, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि चाकं अशी लखलखत होती की सोनं लुटायला आलेली माणसं वाकून त्यात तोंड बघत होती. मीही पाहिलं. माझ्या मिशा मला ठीक दिसल्या, एवढंच त्या दिवशी माझ्या पोलिसी नजरेला कळलं.

तपास थंड पडला. आणि मग एक दिवस हवालदार तंबाखू आणायला किराणा दुकानात गेला, तो हसत परत आला.

"साहेब, दुकानदार इचारून राह्यला, नवरात्रात पापड कोण लाटते? त्या मालकाच्या डायवरच्या बायकोनं म्हने दोन शेर पापडखार नेला."

मी पण हसलो. पापड म्हणजे उन्हाळ्याचं काम. घरी जेवताना सहज बायकोला ती गंमत सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, "मागच्या उन्हाळ्यात पाटावर पापडखाराचं पाणी सांडलं होतं, आठवतं का? पाटाचा सगळा रंग उतरला." मला दसऱ्याची ती लखलखती चाकं आठवली.

दुसऱ्या दिवशी मालकांना गाठलं. मोटार त्यांनी भादव्यातच नागपूरच्या एका साहेबाकडून जुनी घेतली होती. लढाईत चकाकणाऱ्या वस्तूंना काळं फासायची टूम निघाली होती, तशी त्या साहेबानंही चाकं रंगवलेली. आल्यापासून मोटार चिखलानं माखलेली असायची, त्यामुळे गावात तिची चाकं कुणी नीट पाहिलीच नव्हती. मालक भोळेपणानं म्हणाले, "डायवर हुशार आहे. दसऱ्यासाठी त्यानं घरच्या घरी रंग काढला." अपघाताच्या दिवशी मालक कुठे होते? नागपूरला. डायवर त्यांना मलकापूर स्टेशनवर सोडून एकटाच परत आला होता.

संशय आला, पण संशयावर कोर्टात काही उभं राहत नाही. मी पेट्रोलची कुपनं तपासायची आहेत असा निरोप धाडून डायवरला ठाण्यात बोलावून घेतलं आणि त्याच वेळी, हवालदाराला घेऊन, दोघंही साध्या धोतर-सदऱ्यात, त्याच्या घरी गेलो. घर मालकाच्या मोटारखान्याला लागूनच होतं. दारात मोटार उभी होती. डायवरची बायको अंगण सारवत होती. पंचविशीची असेल. मी मुद्दाम घरची बोली बोललो, कारण ठाण्यातली मराठी कानावर पडली की माणूस तोंड मिटतो.

"बाई, हे चाकं कोन्या मिस्त्रीनं केले? म्या अकोल्याले पन असा हात पाह्यला नाही."

तिनं पदर सावरला. "मिस्त्री कायचा साहेब. म्याच केले."

"तुमी? खोटं बोलून राह्यल्या."

"खोटं काऊन बोलू? हे पाहा ना माहे हात." तिनं दोन्ही हात पुढे केले. तळव्यांची कातडी सोलून गुलाबी झाली होती, बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या होत्या.

मी म्हणालो, "वा! शाबास!" आणि ती खुलली. इतकी खुलली की आज तेच आठवून मला वाईट वाटतं. तिच्या कामाकडे कुणी वाकून पाहिलं नसावं कधी. तिनं सगळं सांगितलं, विचारायच्या आधीच. नवरा आधी चाकूनं खरवडायला बसला होता, रंगाखालच्या चांदीसारख्या पत्र्याला ओरखडे पडायला लागले. तेव्हा ही म्हणाली, सरका तिकडे, नास करून राह्यले. तिच्या माहेरी, सुलतानपूरकडे, दारांचा जुना रंग चुना आणि खार लावून काढत. कळीचा चुना भिजवायचा, निवला की त्यात पापडखार घालायचा, गोणपाटाचे तुकडे त्यात बुडवून चाकाला गुंडाळायचे आणि वाळू द्यायचे नाहीत, वरून शिंपडत राहायचं.

"दोन-तीन घंट्यानं रंग सायीवानी सुटून येते साहेब. मंग नारळाच्या शेंडीनं घासाचं, अन् शेवटी चिंचेचं पानी. चिंच लावली तवा हाताची आग जराशीक थांबली. एका चाकाले एक दिवस लागला."

"कवा सुरू केलं होतं?"

"तिसऱ्या माळेले. म्या म्हनलं दसरा दूर हाये, एवढी घाई कायले? हे ऐकतच नव्हते."

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. मी चाकाशी उकिडवा बसून बोट फिरवत राहिलो. "फटीतला रंग पन काढला तुमी. तो कसा काय निंघाला?"

"काडीनं. या पुढच्या चाकाले तं काकनाचे तुकडे होते फसलेले, माह्या बोटात घुसला एक. तीन निंघाले. हे म्हनले, फेक उकिरड्यावर." ती थांबली आणि मला समजावून सांगावं तशी म्हणाली, "काकन हाये साहेब. बाईमानसानं काकन उकिरड्यावर कसं फेकाव? म्या तुळशीपाशी ठेवले."

ती स्वतःच मला तुळशीपर्यंत घेऊन गेली. मातीत, मंजिऱ्यांखाली, तीन हिरवे तुकडे होते. त्यांच्यावरची सोनेरी टिकली धुऊन निघाली नव्हती. सडकेवरून पुडीत बांधून आणलेल्या काचेवरही अशीच सोनेरी टिकली होती.

मी हवालदाराला म्हणालो, "पंच बोलाव."

"पंच कायले साहेब?" तिनं विचारलं. पोलीस पाटील आणि दोन पंच आले, तुळशीभोवती उभे राहिले, लिहिणं सुरू झालं. ते ऐकता ऐकता तिला सगळं कळलं. ती रडली नाही. तिनं सोललेले हात पदराखाली घेतले आणि शेवटपर्यंत बाहेर काढले नाहीत.

ठाण्यात डायवर बाकावर बसून होता. हवालदाराचं मत नेहमीचंच होतं, दोन ठेवून दिल्या की बोलेल. त्याची गरज पडली नाही. मी कागदावर ते तीन तुकडे त्याच्यापुढे ठेवले.

"तिनं फेकले नाहीत?" एवढंच तो बोलला.

मग त्यानं सांगितलं. दिवस मावळतीचा होता, सूर्य डोळ्यांवर, म्हातारी दिसलीच नाही. तो थांबला, खाली उतरला. मोटारीत इंजिनासाठी पाण्याचा डबा असतो, त्यातलं पाणी त्यानं तिला ओंजळीनं पाजलं. "पानी पाजनारा मीच होतो साहेब." मी लिहायचं थांबलो. इतके दिवस ज्या भल्या माणसाला मी दवंडी पिटवून बोलावत होतो, तो माझ्यासमोर बाकावर बसला होता.

"मग तिला मोटारीत का घातली नाही?"

"भेव वाटलं. मोटार मालकाची. ती चांगली बोलत होती, म्हनलं मागून कोनीतरी येईनच. काळे चाकं कोनी पाह्यले असंन, म्हनून दुसऱ्याच दिवशी रंग काढाले घेतला." त्यानं चेहरा झाकला. "तुमची दवंडी ऐकली तवा दोनदा चावडीपावतर येऊन परत गेलो. साहेब, तिनं मले आशीर्वाद देला. म्हने, तुह्या घरच्या बाईचे काकनं शाबूत राहो. तिले वाटलं, मी दुसराच कोनी हावो."

हे बायकोला सांगितलं होतं का, असं मी विचारलं. त्यानं मान हलवली. एक अक्षर नाही.

मॅजिस्ट्रेटपुढे त्यानं गुन्हा कबूल केला. वकील म्हणत होता, हिरवी काकणं घरोघर असतात, लढू. पण डायवर लढला नाही. सक्तमजुरीची शिक्षा झाली. मालकांनी दुसरा डायवर ठेवला आणि मोटारखान्याजवळचं घर रिकामं करून घेतलं. जिल्ह्याहून माझी पाठ थोपटणारा कागद आला. तो मी जपून ठेवलेला नाही.

निकालाच्या दिवशी ती कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली बसली होती. भाऊ तिला माहेरी न्यायला आला होता. मी टाळून जाणार होतो, पण तिनं हाक मारली.

"साहेब, एक इचारू का?"

"विचारा बाई."

"तुमी चाकं चांगले झाले म्हनले होते. ते खरं होतं, का मले बोलतं कराले?"

उभ्या नोकरीत इतकं अवघड मला कुणी विचारलं नाही. चाकं खरंच अप्रतिम झाली होती. असं काम शहरातल्या कारखान्यातही मी पुढे पाहिलं नाही. मी म्हणालो, "खरं होतं. अगदी खरं."

तिनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. "हाव," असं म्हणाली आणि भावाच्या मागे बैलगाडीकडे गेली. तिचा विश्वास बसला नव्हता.

पुढे तीस वर्षं नोकरी केली. गुन्हेगारांना घाबरवलं, दमात घेतलं, फसवलंही. त्याबद्दल मला फार खंत नाही, ते कामच तसं होतं. पण पुन्हा कधी चौकशीत कुणाच्या हातच्या कामाची तारीफ केली नाही. त्या बाईला देण्यासारखी माझ्याजवळ एकच खरी गोष्ट होती, तिच्या कामाची शाबासकी, आणि ती मी जबानी काढायला वापरून बसलो होतो.